शाळेतली जंताची गोळी : गोळी भारी, वाटप मात्र शाळा बघून

मिक्सरचे, हॉटेलचे रिव्ह्यू सगळे टाकतात, फुकट मिळणाऱ्या सरकारी गोष्टीचा कोणी टाकत नाही, टाकला तर फक्त शिव्या. म्हणून म्हटलं जंताच्या गोळीवर लिहावंच, कारण आमच्या घरात या सर्व्हिसचे तीन गिऱ्हाईक आहेत. पोरगा प्रायव्हेट इंग्लिश मिडीयममध्ये तिसरीला, जावेची मुलगी गावातल्या झेडपी शाळेत चौथीला आणि आमची धाकटी अंगणवाडीत. एकच गोळी, एकच दिवस आणि तीन वेगळे काउंटर, त्यामुळे तुलना आयतीच झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून हा कार्यक्रम केंद्र सरकारने २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू केला, पहिल्या फेरीत मोजकीच राज्यं होती आणि त्यात महाराष्ट्र होता, पुढच्या वर्षी देशभर झाला. कागदावर तारखा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, पण परीक्षा, सुट्ट्या, इलेक्शन बघून पुढेमागे होतात, काही राज्यांत वर्षातून एकदाच असतो. १ ते १९ वयाची सगळी पोरं, सरकारी शाळा असो की प्रायव्हेट की अंगणवाडी, शाळेत न जाणारी असली तरी त्यांनी अंगणवाडीत येऊन घ्यायची. त्या दिवशी राहिलेल्यांसाठी आठवडाभराने परत एक दिवस असतो त्याला मॉप-अप म्हणतात.

आधी गोळीबद्दल. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, हीच गोळी मेडिकलमध्येही मिळते, काही वेगळी सरकारी भानगड नाही. दोन वर्षांच्या वरच्यांना पूर्ण गोळी, एक ते दोनवाल्यांना अर्धी. चावून खायची, पाण्याबरोबर गिळायची नाही. चवीचं म्हणाल तर खडूला साखर लावल्यासारखी, पोरगा तोंड वाकडं करून खातो पण खातो, कडू औषधासारखा तमाशा नाही. काम कसं करते तर जंताला साखर शोषून घेता येत नाही, उपाशी मरतो आणि शौचावाटे निघून जातो, बऱ्याचदा दिसत पण नाही. आता आमच्या शेजारच्या काकूंची तक्रार हीच की "आमच्या नातवाचं काहीच पडलं नाही, गोळी डुप्लिकेट असणार". अहो काकू, पडलं तरच गोळी चांगली असं नसतं, नातवाच्या पोटात नसतीलच मुळात तर पडणार काय.

गोळीची मर्यादा पण सांगते कारण ती कोणी सांगत नाही. मातीतून येणारे जंत मुख्यतः तीन प्रकारचे. मोठे गोल जंत, जे वीतभर लांब असतात आणि बघितल्यावर जेवण जात नाही, त्यांच्यावर एक गोळी जबरदस्त चालते. हूकवर्म म्हणजे आतड्याला धरून रक्त पिणारे, त्यांच्यावर बऱ्यापैकी. तिसरा व्हिपवर्म, त्याच्यावर एका गोळीचा परिणाम तसा कमजोरच. आणि ते बारीक पांढरे जंत ज्यांच्यामुळे पोरं रात्री खाली खाजवत उठतात ते या तिघांतले नाहीतच, ते मातीतून नाही तर हातावरून, नखातून, अंथरुणातून पसरतात. मरतात तेही याच गोळीने, पण दोन आठवड्यांनी परत डोस आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम घेणं असं करावं लागतं, त्यामुळे शाळेत गोळी खाऊनही खाज थांबली नाही म्हणून योजनेला एक स्टार देऊ नका, त्यासाठी डॉक्टरला दाखवा.

"पण माझ्या मुलाला जंत नाहीतच, मग औषध का द्यायचं" हा प्रश्न प्रत्येक फेरीला ग्रुपवर असतो आणि विचारणारी मंडळी शिकलेली असतात. त्यांचं चूक नाही, एरवी आपण तपासणीशिवाय औषध देऊ नका असंच ऐकतो. पण इथे हिशोब उलटा आहे, शौचाची तपासणी या गोळीच्या कितीतरी पट महाग पडते, करोडो पोरांची करणार कोण आणि नमुने आणणार कोण (आपली पोरं सुद्धा, विचार करा डबीत घेऊन शाळेत). गोळी मात्र सुरक्षित आहे, जंत नसलेल्या पोराने खाल्ली तरी काही बिघडत नाही. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलंय की जिथे दर शंभरात वीसपेक्षा जास्त पोरांना जंत असतील तिथे सगळ्यांना सरसकट द्या, फार जास्त असतील तर वर्षातून दोनदा. भारतात १ ते १४ वयाच्या सुमारे २४ कोटी पोरांना धोका आहे असा त्यांचाच अंदाज होता. तपासणी करूनच औषध द्यायचं म्हटलं तर तेही झालंय, दक्षिण कोरियात १९६९ पासून १९९५ पर्यंत शाळेतल्या पोरांची वर्षातून दोनदा शौच तपासणी व्हायची आणि निघाले त्यालाच औषध, जंत जवळजवळ संपवले त्यांनी. पण ते पाव शतक नेटाने करत राहिले, सोबत संडास आणि पाणी पण आलं. आपल्याकडे ते जमेपर्यंत गोळी.

आणि सरसकट देण्याचा अजून एक फायदा. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते, ती शौचातून मातीत, उघड्यावर बसलं की शेताच्या बांधावर, तिथून भाजीवर, हाताला, नखात आणि परत कोणाच्या तरी तोंडात. हूकवर्मची तर अळी अनवाणी पायातूनच कातडीतून आत जाते. म्हणजे एकट्या माझ्या पोराला औषध देऊन उपयोग थोडाच दिवस, बाजूच्या दहा पोरांच्या पोटातले कारखाने चालूच. सगळ्यांचे एकाच दिवशी बंद झाले तर मातीत पडणारा माल कमी होतो.

आता काउंटर. सगळ्यात भारी झेडपी शाळा, यात मला शंका नाही. जावेच्या मुलीला सोडायला गेले होते त्या दिवशी परिपाठ झाल्यावर बाईंनी पाच मिनिटं जंत कसे होतात ते सांगितलं, मग एकेक वर्ग व्हरांड्यात रांगेत, बाई स्वतः हातात गोळी देणार, समोर चावायला लावणार, तोंड उघडून दाखव म्हणणार आणि मग हजेरीत नावापुढे टिक. मॉप-अपला दिली तर दोन टिका, म्हणजे नंतर कोणी कधी खाल्ली ते लगेच कळतं. कोण आजारी आहे, कोणाची दुसरी काही औषधं चालू आहेत ते आधी विचारलं, एका पोराला ताप होता त्याला नाही दिली, बरा झाल्यावर मॉप-अपला दे म्हणाल्या. जिभेखाली गोळी लपवणारा एक नग होता, तो पकडला गेला. आशाताई पण तिथेच, उपकेंद्राच्या सिस्टरचा नंबर भिंतीवर लावलेला. या शाळेला रंग नाही, एक वर्ग गळतो, दोन शिक्षकांवर चार वर्ग चालतात आणि तरी हे काम त्यांनी असं केलं की मोठ्या हॉस्पिटलने बघावं. बाईंना त्याच दिवशी कुठलीतरी ऑनलाईन माहिती पण भरायची होती, ती भरता भरता त्या काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

अंगणवाडी पण चांगली, पण तिथे काम अवघड आहे. बारक्या पोराला गोळी चावून खा म्हणता येत नाही, घशात अडकायची भीती, म्हणून दोन चमच्यांच्या मध्ये कुटून पावडर करून पाण्यात कालवून पाजायची असते. आमच्या सेविकाताईंनी तसंच केलं, धाकटीने निम्मं थुंकलं, मदतनीस मावशींनी परत चमचा लावला. रडणारं पोर असेल तर जबरदस्तीने ओतायचं नाही, आधी शांत करायचं, हे त्यांना ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं होतं आणि त्या ते पाळत होत्या. तक्रार एकच, रांगेत उन्हात उभं राहावं लागलं, सावलीला सतरंजी टाकली असती तर बरं झालं असतं.

आणि आता आमची प्रायव्हेट शाळा, नाव घेत नाही. फी बघता इथे तर डॉक्टर येऊन देतील अशी माझी अपेक्षा. तर आदल्या दिवशी ॲपवर एक इंग्रजी नोटीस, ज्यांना नको असेल त्यांनी कळवा, एवढंच. दुसऱ्या दिवशी पोरगा घरी आला, डायरीला स्टेपल केलेल्या कागदी पाकिटात गोळी. घरी खायला द्या! अरे मग मेडिकलमधून मी पण आणली असती की. या कार्यक्रमाचा सगळा जीवच त्यात आहे की गोळी शिक्षकांच्या समोर खायची, घरी पाठवायची नाही असा स्पष्ट नियम आहे, कारण घरी पाठवलेली गोळी फ्रीजवर पडते, हरवते, किंवा धाकट्या भावंडाच्या तोंडात जाते. आमच्या वर्गातल्या किती आयांनी ती दिली ते देवाला माहीत, ग्रुपवर दोघीतिघी तर उघड म्हणाल्या की आम्ही आमच्या पेडियाट्रिशियनला विचारून बघू, म्हणजे नाहीच. मी क्लास टीचरला फोन केला तर त्या बिचाऱ्या म्हणाल्या मॅनेजमेंटने सांगितलंय, कोणाला काही झालं तर पालक भांडतात, रिस्क नको. रजिस्टरला मात्र शंभर टक्के वाटप लागणार याची मला खात्री आहे. सरकारी आकड्यात हे पोरगं "गोळी दिली" मध्ये मोजलं जातं आणि पोटातला जंत तसाच.

ती रिस्क म्हणजे काय ते पण सांगते. गोळी खाल्ल्यावर काही पोरांना मळमळ, पोटात दुखणं, उलटी, थोडी चक्कर असं होतं, जास्त करून ज्यांच्या पोटात जंत जास्त असतात त्यांना, कारण मरायला लागले की आत गडबड होते. सावलीत झोपवायचं, पाणी द्यायचं, तासा दोन तासात बरं वाटतं. अडचण अशी की शाळेत एकाने उलटी केली की त्याला बघून मागच्या बाकावरच्या चौघांना व्हायला लागते, पोरं घाबरतात, कोणीतरी व्हिडिओ काढतो, संध्याकाळपर्यंत तालुकाभर "गोळीने पोरं ॲडमिट" असं फिरतं. दुसऱ्या फेरीला त्या गावात निम्मी पोरं शाळेतच येत नाहीत. यावर झेडपीच्या बाईंची युक्ती मला आवडली, आदल्या दिवशीच पालकांना मराठीत सांगितलं की काहींना मळमळेल, घाबरू नका, असं झालं तर आम्ही असं करू. आधी सांगितलेली उलटी कोणी व्हायरल करत नाही. बाकी त्रास जास्त वाटला तर राज्यात १०४ नंबरवर आरोग्याचा सल्ला मिळतो आणि १०८ ला ॲम्ब्युलन्स, दोन्ही सेव्ह करून ठेवा.

बरं एवढं सगळं करून उपयोग होतो का? हा रिव्ह्यूचा मुख्य भाग असायला हवा होता पण यात भांडणं आहेत. केनियात बुसिया नावाच्या भागात १९९८ पासून ७५ शाळांमध्ये हे टप्प्याटप्प्याने करून बघितलं, मायकल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या दोघांनी, आणि २००४ मध्ये छापलं की शाळेतली गैरहजेरी पाव हिश्श्याने कमी झाली, शिवाय ज्यांनी गोळी खाल्ली नव्हती अशा शेजारच्या पोरांना पण फायदा झाला. या क्रेमरना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आपल्या मुंबईत जन्मलेले अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्यासोबत. मग २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच डेटा परत तपासला, आकडेमोडीत चुका निघाल्या, आणि मोठी जुंपली, अजून पूर्ण मिटलेली नाही. उत्तर प्रदेशात दहा लाख लहान पोरांवर पाच वर्षं दर सहा महिन्यांनी हीच गोळी देऊन बघितली, २०१३ मध्ये निकाल छापला, जंत कमी झाले पण वजनात आणि बालमृत्यूत म्हणावा असा फरक नाही. म्हणजे कोणी तुम्हाला म्हणालं की या गोळीने पोरगं हुशार होतं आणि दोन इंच वाढतं, तर दुर्लक्ष करा.

पण जंत कमी होतात का, तर होतात, आणि मला आई म्हणून तेवढं पुरतं. केंद्राने सांगितलेले आकडे असे की छत्तीसगडमध्ये २०१६ ला शंभरात ७४.६ पोरांना जंत होते ते २०१८ ला १३.९ वर आले. सिक्कीममध्ये ८०.४ वरून ५०.९. आणि सगळीकडे जादू झाली असं पण नाही, आंध्रात २०१६ ला ३६ होते ते २०१९ ला ३४.३, म्हणजे जवळजवळ जैसे थे. तीच गोळी, तोच दिवस, फरक कशाने पडला असेल ते वरच्या दोन शाळा बघून मला तरी अंदाज येतो, अर्थात हा माझा अंदाज. हूकवर्म रक्त पितो म्हटल्यावर ज्या मुलींना आधीच रक्त कमी आहे त्यांना तर फायदा आहेच, मोठ्या वर्गातल्या पोरींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात ती एकीकडे द्यायची आणि दुसरीकडे जंताने रक्त पीत बसायचं हे कसं चालेल.

घरचा विरोध पण सांगायला हवा. सासूबाईंचं म्हणणं, वावडिंग घाला पाण्यात, आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या. बाळगुटीत वावडिंग आमच्याकडे असतंच, ते मी बंद केलेलं नाही आणि त्यावर भांडत पण नाही. पण गोड खाल्लं की जंत होतात यावर मात्र मी हटत नाही, जंत साखरेतून नाही, जंताच्याच अंड्यातून होतात, गूळ बंद करून काही होणार नाही, हात धुवा. रात्री दात खातो म्हणजे जंतच असंही काही नसतं. त्या म्हणतात तुला शाळेने शिकवलंय, बरं, शिकवलंय.

आता खरी मायनस बाजू. झेडपी शाळेला मी वर डोक्यावर घेतलं, पण तिथल्या हात धुवायच्या नळाला साबण नव्हता. चार तोट्या आहेत, एकीला पाणी. पोरं खिचडीच्या आधी हात नुसते ओले करून येतात, संडासाच्या दाराला कडी नाही म्हणून मोठी पोरं मागच्या रानात जातात, तेही बरीचशी अनवाणी. गोळी पोटात राहत नाही, एक दोन दिवसात तिचं काम संपतं, पुढच्या आठवड्यात मातीतून नवीन अंडं आत गेलं तर ते वाढायला मोकळं. मग सहा महिन्यांनी परत गोळी, परत तेच. हे बाईंना माहीत आहे, त्यांनी स्वतःच्या पैशाने साबण आणून जाळीच्या पिशवीत बांधला होता, तो कोणीतरी पिशवीसकट नेला. यासाठी निधी आहे, समिती आहे, सगळं आहे, आणि साबण नाही.

स्टार द्यायचेच तर गोळीला पाच. झेडपी शाळेला वाटपासाठी पाच आणि नळासाठी एक, सरासरी काढू नका. अंगणवाडीला साडेचार, तो अर्धा उन्हाचा. प्रायव्हेट शाळेला दीड, तो पण पाकिटावर वर्ग आणि नाव नीट लिहिलं होतं म्हणून.

पुढच्या फेरीला तुमच्याकडे मेसेज आला की दोन गोष्टी विचारा, गोळी वर्गात समोर खायला देणार का, आणि त्या दिवशी पोरगं आजारी असेल तर मॉप-अप कधी. पोराला काही मोठा आजार असेल, फिटची वगैरे औषधं चालू असतील तर वर्गशिक्षकांना आधीच लिहून कळवा, त्यांच्या लक्षात राहील या भरवशावर नको. नाश्ता करून पाठवा, उपाशीपोटी पोरं जास्त घाबरतात. आणि घरी पाकीट आलंच तर फ्रीजवर ठेवू नका, तिथेच समोर चावायला लावा.

मी पालक सभेत विचारलंय की आमच्या वर्गाच्या हजेरीत टिका कोणाच्या नावापुढे आणि कशाच्या आधारावर केल्या. विचारून सांगतो म्हणालेत. उत्तर आलं तर इथेच ॲड करते.